चाकाखालचं लिंबू

— नाई नाई, वरचं झाकन तुमी नका काढू, मी काढतो. चिकटलं हाय थे, तेल लागलं ना. हे पाहा — अशी झाली. अन् हे एकटीच नाई, पेटीत अजून हायेत, पोराच्या कपाटातल्या साऱ्याच आनल्या, धोतरात गुंडाइल्या, एकमेकीले घासू नये म्हनून. अमरावतीहून इथलोक येष्टीत मांडीवर ठेवली पेटी. कंडक्टर म्हने, आजोबा, संत्री हायेत काय, वर टाका ना. म्हतलं नाई बाप्पा, संत्री नाई. मंग काय हाय? आता त्याले काय सांगू — सत्तरीचा मानूस पेटीभर खेयन्यातल्या मोटारी घिऊन अकोल्याले चालला म्हनून? म्हतलं देव हायेत. देव म्हतल्यावर कोनी काई विचारत नाई. बाजूची बाई तं पेटीले हात लावून पाया पडली. मी खिडकीबाहेर पाहून राहिलो.

वयखली ना तुमी हे गाडी? तुमीच आरसा बसवून देल्ला होता हिचा. किशोरनं दाखवला होता मले — बाबा, अकोल्याच्या धम्मदीपनं बसवला, जोड कुठी दिसते काय पाहा. नाई दिसला बाप्पा, खरंच नाई दिसला. म्हनून तं तुमच्याकडं आलो. मी त्याचा बाप, नत्थुजी. राहतो अंजनगावले, शेतावर. नवरात्र-दसऱ्यासाठी पोराकडं अमरावतीले आलो होतो, अन् पोरगा नेमका नवमीच्या दिवशी सेमाडोहकडं गेला — तिकडं लाईन पडली, अन् वीज कंपनीच्या मानसाले कुठचा आला दसरा. आज संध्याकाई येते थो. तं त्याच्या आंदी हे — म्हनजे पहिल्यासारखं — होईन ना? त्याले समजलं नाई पायजे बस.

कोनं केलं? शेजारच्या लेकरायनं. घरात कोनी नव्हतं, दार उघडं, लेकरं घुसले. दसऱ्याचं पाहून राहिले होते ना सारीकडं — जो तो आपली मोटारसायकल धुते, हार घालते, कुंकू लावते — त्यायलेबी वाटलं आपून बी करावं. पानी टाकलं, साबन लावली, कुंकू तेलात कालवलं. लेकरंच थे, त्यायले काय समजते. काय? हो, स्वस्तिक हाय थे. बॉनेटवर. हो, नखाएवढ्या जागेत काढलं हाय, चारी ठिपके जागच्या जागी हायेत, मले दिसून राहिलं — हुशार हायेत लेकरं शेजारचे. केवढे? असतीन पाच-सात वर्साचे. माह्या बोटाकडं काहून पाहून राहिले तुमी? शेंदूर हाय थो. मारोतीले गेलतो सकाई.

तुमी हासले नाई, थे बरं केलं. हासले असते तं मी पेटी उचलून चालला गेलो असतो.

मीच लावलं गा. कोनी लेकरं-फिकरं नाई. शेजारी एक मास्तर राहते, त्याचे लेकरं पुन्याले हायेत. अन् आमच्या घरात — आमच्या घरात लेकरू नाई. थे जाऊ दे. मी लावलं. आता काहून लावलं म्हनशीन तं हे आमच्या घरचं वळन हाय — दसऱ्याले घरातलं वाहन, अवजार, हत्यार उघड्या कपायानं ठेवू नये. माह्या बापानं वखर-डवऱ्यापासून तं विहिरीवरच्या रहाटालोक सारं पूजलं. मी टॅक्टर पूजतो, फवाऱ्याचा पंप पूजतो, सुनेची स्कूटी सकाईच पूजली होती. अन् घरात येऊन पाह्यलं तं त्याच्या कपाटात इतक्या गाड्या, अन् एकीच्याबी कपायाले कुंकू नाई. जीव कसातरी झाला. मंग म्हतलं करून टाकू. पन धुतल्याबिना पूजा होते काय? धुतल्या. फडक्यानं पुसाले गेलो तं दारावरचा नंबर फडक्यासंगं आला. म्हतलं कागद असन वरचा, एकीचा गेला तं गेला. दुसरीचाबी आला. तवाच थांबाले पायजे होतं मले. नाई थांबलो. अर्धवट पूजा करू नये म्हनते ना.

अन् लिंबू. चाकाखाली लिंबू फुटल्याबिना गाडीची पूजा पुरी होत नाई, थे तं तुले मालूम हाय. पन या गाड्या त्या काया पाट्यायवर खालून इस्क्रूनं आवयल्या, पुढं सरकतच नाई. मंग काय केलं मी — लिंबू कापलं, अन् एका-एका चाकाले रस लावला. बोटानं. चारी चाकायले. बसून राहिलो तिथी पाटावर, लहान पोट्ट्यावानी. चाकायची चांदी काईकुट्ट पडली थे त्यानंच काय? हो असन. लिंबानं तांब्या चकचकते म्हनून मले वाटलं हेबी चकचकन.

सून आली. गीतांजली. शेजारीपाजारी सोनं द्याले गेलती. हातात आपट्याचे पानं होते, मले देऊन पाया पडनार — अन् तिचं ध्यान कपाटाकडं गेलं. मले वाटलं रागावन. नाई रागावली. पानं माह्या हातात देल्ले, पाया पडली, अन् मंदात चालली गेली. मी पानं हातात धरून उभा. रागावली असती तं बरं झालं असतं, बाप्पा. आज सकाई पेटी घिऊन निंघालो तं फक्त इतकं म्हने, बाबा, सांभाळून जा.

काय म्हतलं? इतके वर्स नाई केली पूजा, मंग औंदाच काहून? — चांगलं विचारतं तू. कामाकडं ध्यान दे ना. इस्क्रू काढ. काढून राहिला ना, काढ मंग.

औंदाच काहून. सांगतो. घट बसल्यावर आमचे व्याही आले होते, किसनरावजी, अन् विहीनबाई. गीतांजलीचे मायबाप. जेवनं झाले, बसलो समोरच्या खोलीत. किशोरची नवी गाडी आली होती त्याच दिवशी, त्यानं आनली दाखवाले. खुशीत होता. त्याले सवय हाय, नवी गाडी आली का पहिले मले दाखवते — बाबा, हे पाहा. मले त्यातलं काई समजत नाई, पन थो समजावून सांगते. हिले टूरिंग कार म्हनते, बाबा. हे रेसची म्हनून बनवलेली गाडी नाई, हे घरचीच गाडी — साहेब लोक हापिसात नेते, लेकरायले शायेत सोडते, थेच. त्यातल्या सीटा काढून टाकायच्या, एक ठेवायची, मंदात लोखंडाचा पिंजरा बसवायचा अन् पयवायची. एक तं लांबोडी हाय पाहा, मांगं सामानाची जागा असलेली, तेबी रेसमंदी पयली म्हने. मी म्हतलं होतं मांगं एकडाव, हे काय, पयायचं तं पयायची गाडी घ्यावं. तं म्हने, बाबा, तुमचा सर्जा काय होता? औतालेबी चाले अन् शंकरपटातबी पये. हे तशी. मले समजलं मंग. सर्जा वखर वढून येये अन् पटात दुसऱ्याचे पोसलेले खोंडं मांगं टाके. थे समजलं मले. पोट्टा इतक्या वर्सानं सर्जाचं नाव काढते म्हनून बरंबी वाटलं. इतकं बरं वाटलं तरी मी त्या दिवशी —

किसनरावजी हातात घिऊन पाहून राहिले होते. कौतिकानं पाहून राहिले होते का उगंच, थे मले नाई समजलं. मले वाटलं हासून राहिले पोटातल्या पोटात. जावई चाळिशीले आला अन् मोटारी खेयते. मले शरम आली. त्यायनं काई म्हनाच्या आंदी मीच म्हतलं — हासून म्हतलं बरं, गमतीत — म्हतलं, पाहा व्याही, लेकरू नाई घरात, पन खेयने पाहा कपाटभर.

हो. असंच म्हतलं. गीतांजली पानी घिऊन उभी होती दारात. तिच्या मायबापासमोर. लेकरासाठी दवाखान्याच्या किती चकरा झाल्या त्या दोघायच्या नागपूरले, मले सारं मालूम हाय, मीच एकडाव संगं गेलतो. मालूम असून म्हतलं. तोंडातून गेलं. कोनी हासलं नाई. किशोरनं किसनरावजीच्या हातातून गाडी घेतली, हयू घेतली, झाकन लावलं, कपाटात ठेवली, काच सरकवली. अन् म्हने, बाबा, तुमची औषधाची गोळी राहिली. गोळी आनून देल्ली मले. त्याच्यानंतर नाई म्हतलं त्यानं — बाबा, हे पाहा. नवरात्रभर नाई म्हतलं.

आता तू म्हनशीन, मंग सांगून टाकाचं ना चुकलं म्हनून. नाई म्हनता येत गा. बाप पोराले कसा म्हनन? माह्या बापानं मले नाई म्हतलं, त्याच्या बापानं त्याले नाई म्हतलं. आमच्याकडं बैलाले हाकलाच्या तुतारीची आर जास्त टोचली तं दुसऱ्या दिवशी मानूस त्याच्यापुढं सरकीची ढेप जास्त टाकते, पाठीवर हात फिरवते. बोलत नाई. बैलाले समजते. मले वाटलं थो सेमाडोहून येईन, कपाट उघडन, पाहीन का बापानं आपल्या साऱ्या गाड्या पूजल्या — समजन त्याले. माह्या मुंडक्यात इतकंच होतं. ढेपच टाकाले गेलो मी. अन् पाहा काय करून ठेवलं. ज्या गाड्यायवर हासलो त्यायचंच वाटोयं केलं. आता थो म्हनन, बाबानं मुद्दाम केलं. नाई म्हननार थो, त्याचा सभाव नाई. मनात म्हनन. मनातलं तं आनखी वाईट.

काय झालं? काहून थांबला? निंघाला ना इस्क्रू. तुटलं काय काई? खरं सांग, तुटलं तं तुटलं म्हन. — खाली? गाडीच्या खाली काय हाय? इकडं दाखव. थांब, चष्मा — उजेडाकडं धर जरा.

हे मी नाई लावलं. माह्या बोटाएवढं नाई हे, काडीच्या टोकानं लावल्यासारखं हाय. अन् वायलेलं हाय पाहा, कायंकुट्ट पडलं, थरावर थर हाय. हयदबी हाय. मी तं वरूनच लावलं होतं, गाडी पाटीवरून काढलीच नाई मी, मले कुठचं दिसनार. दुसरी खोल. अरे खोल ना. हो, मांगची लांबोडी, थे खोल. — हिलेबी हाय. तुले पहिलेच मालूम होतं? आरशासाठी आनली तवा दिसलं होतं? मंग बोलला काहून नाई — हो, तू कसा बोलशीन. मी कुठी बोलू देल्लं तुले.

म्हनजे थो दरसाली करते. इस्क्रू काढते, पलटवते, कुंकू लावते अन् परत आवयून ठेवते. कोनाले न सांगता. बरोबर हाय. कोनाले सांगन? बापाले?

पोटाखाली. लेकरायच्या सनाले, तान्ह्या पोयाले, लाकडाचा बैल आनला होता मी त्याले, नवा कोरा, लाल झूल रंगवलेली. पोट्टं लहान होतं. त्याची माय कुंकू लावाले गेली तं बैल छातीशी धरून रडाले लागला, माह्या बैलाचा रंग खराब होईन म्हने. आयाबाया हासून राहिल्या, माय चिडली, म्हने बिनकुंकवाचा बैल नेत असते काय तोरनाखाली. मंग मी म्हतलं, अरे, पोटाखाली लाव. देवाले खालून बी दिसते. — मीच म्हतलं होतं. मीच सांगतलं होतं त्याले. मी इसरून गेलो बाप्पा, सारा इसरून गेलो, अन् त्यानं थे इतके वर्स —

नाई, पानी नको मले. बरा हाय मी. 

नको, पुसू नको आता. हो, मालूम हाय, तेल राहिलं तं रंग खाईन, तू सांगतलं मघा. पुस मंग, वरचं पुसून टाक सारं, माह्या हातचं. खालचं नको पुसू. त्याच्या हातचं राहू दे. अन् संध्याकाईची घाई नको करू. नंबर नवे छापाले जितके दिवस लागते तितके लागू दे. रिकामं कपाट पाहू दे त्याले. पन त्याच्या आंदी मले — या फोनात त्याचं नाव काढून दे बरं जरा, चष्म्यातूनबी दिसून नाई राहिलं. हो, किशोरच. लाव. लागला? आन इकडं.

वाजून राहिला. तू जरा भाईर उभा राय बापू. दुकान तुह्यं हाय, मालूम हाय मले. दोन मिन्ट भाईर राय, अन् दार लोटून घे. जाय ना गा — कोनी पाहून राहिलं तं मले बोलता येत नाई.