पाव मैलाच्या पुढं

दार लाव आता. जोरात लाव रे, आपटून — मी आतून ओढून काय उपयोग, आतून कडीच न्हाई! काढली. दोन्ही दारांच्या काढल्या, मागची दारं तर वेल्डिंग मारून बंदच केली. तुझ्या बाजूला काच न्हाई, तू हात बाहेर घातलास की उघडतं. माझ्या बाजूला हा जाड प्लास्टिकचा पत्रा बसवलाय, मन्सूरनं चौफेर स्क्रू मारलेत. काचेला वजन किती असतं, उचललीस कधी? हां, लागलं. ये आता तिकडून, बस. डोकं संभाळ — हा पाइपांचा पिंजरा तुझ्या बाजूलाच हाय, बॉडी लवू नये म्हणून ठोकलाय. माझ्यासारख्याचं पोट त्यातून जायचं न्हाई, तू कसा सुळकन शिरलास बघ! म्हणून तर तुला निवडला, नागसेन. ड्रायव्हर काय, चाकणपासून पिंपरीपर्यंत पायलीचे पन्नास मिळतील. हाडाला हाड लागलेला ड्रायव्हर कुठं मिळतो? काल गुलजारच्या भंगाराच्या काट्यावर उभा केला तुला, तेव्हा बाकीचे हसत होते, मी न्हाई हसलो. मी म्हटलं, हा आपला.

आणि हे बघ, मी बसलोय हे आजच्यापुरतं. तूच म्हणालास, साहेब तुमी शेजारी बसा, गिअर कुठं चुकतो ते सांगा. बरं वाटलं मला. तुझा भाऊ भीमराज असं कधी म्हणायचा न्हाई. त्याला सगळं येत होतं ना! कंपनीत टेस्ट ड्रायव्हर — ट्रक फिरवायचा दिवसभर त्या गोल रस्त्यावर, म्हणून लई मोठा झाला होता. तर आज मी ह्या बिस्किटाच्या डब्यावर बसतो, सीट न्हाई तर काय करणार. मन्सूर पेट्रोल घेऊन येईस्तोवर एक फेरी मारू. तू बरं ओळखलंस टाकी कमी हाय ते. भरली टाकी म्हणजे पण वजनच, पण अगदीच कोरडी नको.

पुढं बघ. ही अशी सरळ पट्टी अख्ख्या पुण्यात न्हाई. लढाईच्या वेळी विमानं उतरायची म्हणे ह्या माळावर, आता शेळ्या फिरतात. आमचीच जमीन ही, त्या अंगाची — म्हणजे होती, कारखान्यांनी घेतली, त्या पैशातच ही फियाट आली. घरच्यांना वाटलं, उद्धवराव आता ट्रॅक्टर घेईल, बंगला बांधेल. मी म्हटलं, जमीन गेली तशी मस्तीत तरी जाऊ दे! तो चुना मारलेला पहिला दगड, तिथनं सुटायचं. आणि तिकडं लांब दुसरा पांढरा दगड दिसतोय? तिथं पाव मैल पुरा. बस्स. एवढंच सगळं. त्याच्या पुढं बाभळी, आणि बाभळीच्या पुढं दगडी बांध. तिकडं आपलं काय काम? घड्याळ दगडापाशी थांबतं. गाडी कुठं थांबली हे कुणी विचारत न्हाई.

कॅम्पातला तो हेराल्डवाला हाय ना, गळ्यात रुमाल बांधणारा — त्याची गाडी वीस सेकंदात जाते. वीस म्हणजे वीस. मला वीसच्या खाली पाहिजे. सगळ्यांसमोर पाहिजे. मागं एकदा त्यानं माझ्या गाडीवर हात फिरवून काय म्हणावं? म्हणाला, रावसाहेब, भाजीबाजारात चांगली चालेल. सगळी पोरं खी-खी करून हसली. मी पण हसलो, बरं का! आणि घरी येऊन दुसऱ्या दिवसापासनं गाडी सोलायला घेतली. इंजिनचं काम मन्सूरनं केलं — हेड घासलं, दोन कार्बोरेटर चढवले, सायलेन्सर काढून सरळ नळी टाकली. पण ताकद वाढवायलाही हद्द असते, वजन काढायला न्हाई. सीट काढल्या, बंपर काढले, स्टेपनी, जॅक, हॉर्न, हँडब्रेक — व्हय, हँडब्रेक पण, त्याची तार केवढी जड असते! मग काढण्यासारखं राहिलं न्हाई तेव्हा मी ड्रिल घेतलं. दाराच्या आतल्या पत्र्याला भोकं, डॅशबोर्डला भोकं, बॉनेटच्या बिजागऱ्यांना भोकं. मन्सूर म्हणायचा, उद्धवराव, जाळी करून टाकली गाडीची. मी म्हटलं, बाबा, जाळीतनं वारं जातं तशी जाईल ही! ती लिंबू-मिरची तेवढी ठेवलीय पुढं. तिचं काय वजन.

आणि मग राहिला ड्रायव्हर. गाडी सोलून हलकी केली आणि आत बसवला भीमराज, भाकरी खाऊन आलेला! मग त्यालाही हलका केला. शर्यतीच्या आधी दोन दिवस पाण्यावर ठेवला. माझ्याच गॅरेजात झोपवला, घरी गेला तर बायको खायला घालंल म्हणून. तुझी वहिनी डबा घेऊन आली होती, फाटकावरनंच परत पाठवली. रडली वाटतं. मी काय करू? पाहिजे होतं ना त्याला पण, पहिलं यायचं होतं ना?

काय? उपाशी माणूस पिऊन कसा बसंल म्हणतोस? न्हाई, उपाशी होता म्हणूनच तर! उपाशीपोटी माणूस प्यायला की जास्त चढते, हे काय मी सांगायला पाहिजे? ... कधी प्यायला म्हणजे? सकाळी प्यायला असंल. मी काय त्याच्या तोंडाशी बसलो होतो? माझ्याच गॅरेजात होता, बरोबर हाय, पण माणूस संडासला जातो, बाहेर जातो. लपवायचं तो कुठंही लपवतो. कपड्यांना केवढा वास येत होता, सगळ्यांनी घेतला. बांधावर गाडी आदळली, सगळ्यांत आधी मी पोचलो, मीच हात घालून त्याला धरला — पायाचा चेंदा झाला होता — आणि माझ्या मागनं आली बाकीची, त्यांनी घेतला वास. शर्ट ओला होता. छातीपासनं खाली. आता, पिणाऱ्याच्या शर्टावर सांडतेच थोडी.

तुमच्यातले म्हणतात तो दारूला शिवतसुद्धा नव्हता. पंचशील म्हणायचा रोज, विहारात पुढं बसून वंदना घ्यायचा. आता मागं बसतो म्हणे, दाराजवळ, चपलांपाशी? बस म्हणावं. चांगलं असतं ते. मला हसू येतं, नागसेन, राग मानू नकोस — पण असला रोज शपथ घेणाराच कधी तरी चोरून घेतो. लोकांनी लगेच विश्वास ठेवला ना? का ठेवला? मनात होतंच त्यांच्या! फार सरळ माणूस कुणाला आवडत न्हाई, बाबा. तो घसरला की लोक पेढे वाटतात.

तुमच्या कंपनीच्या युनियनचा तो ज्योतीराम पण आला होता, टोपी सावरत. म्हणे, उद्धवराव, तुमच्या एका शब्दावर हाय. दारू होती म्हटलं तर भीमराजची नोकरी जाते, गाडीत बिघाड होता म्हटलं तर बसायचं काम तरी देतील त्याला, एका पायावर. मी तोंडावर सांगितलं — पिऊन होता. कंपनीच्या साहेबालाही फोनवर तेच सांगितलं. मग? माझ्या गाडीत बिघाड होता असं मी सांगायचं? आणि त्या हेराल्डवाल्यानं ऐकायचं? अरे, पाय गेला तो काय मी बोललो असतो तर उगवला असता का?

चल, लाव चावी. हां... ऐक, ऐक आवाज! खाली काय बघतोस? समोर बघ. ब्रेकचं पायडल हाय ते, नवीन टाकलंय. व्हय, त्यालाही भोकं हायत. जुन्यालाही होती, मग? बोटभर रुंद लोखंड, त्याला भोकं पाडली तर कुठं मरतंय? भीमराजची तीच कटकट — उद्धवराव, पायडल लवतंय, पाय ठेवला की सापासारखं वळतंय, हे बदला, मग मी बसतो. दहादा सांगितलं त्यानं. मी म्हटलं, तू जाण्यासाठी बसलायस की थांबण्यासाठी? लवतंय तर लवतंय! मजबूत होतं ते. ह्याच्यात कधी काही झालं न्हाई. होणार पण न्हाई. एकदम ठाम सांगतो मी तुला. विचारून झालं? मग पाय रेसवर.

थांब, बाभळीखाली कोण बसलंय रे तिथं? पांढरं काही तरी दिसतंय. दोघं हायत. गुराखी असतील. बसू दे, फुकटचा तमाशा बघतील.

आता ऐक. क्लच एकदम सोडायचा न्हाई, चाकं जागेवर फिरतात. आधी अर्धा सोड, गाडीनं कंबर टेकली की — हां! सोड! सोड! ... वा रे पठ्ठ्या! वा! दुसरा — टाक दुसरा! बघ, बघ कशी पळते! तिसरा — आत्ता! अरे भावापेक्षा हात मऊ हाय तुझा! तो ट्रकवाला, गिअर मोडायचा नुसता! दाब, दाब, पाय उचलू नकोस, दगड येतोय, येतोय, येतोय — गेला! हा गेला! वीसच्या आत असणार, माझी शप्पथ, मी बसून वीसच्या आत! बास. सोड आता रेस. सोड म्हटलं. अरे सोड ना! बांध येतोय, नागसेन, बांध — पाय कशाला उचललास एवढा वर — न्हाई! जोरात दाबू नकोस! ब्रेकवर लाथ मारू नकोस, पायडल मोडंल! मोडतंय ते! दाबू नको, गिअर पाड, गिअरवर थांबव, आई गं, पायडल मोडतंय —

...

हां. हां. थांबली. देवा... बाभळीपाशी, गिअरवरच थांबली. डबा सरकला माझ्या खालनं. बंद कर इंजिन, कानात घूं होतंय. बंद केलंस? बरं.

तू येडा हायस काय रे? गाढवाच्या! लाथ उगारलीस ब्रेकवर! मेलो असतो ना दोघं! त्याच्या वेळी पण असंच — त्यानं पण असाच पाय मारला आणि कटकन तुकडा पडला खाली, मी स्वतः उचलला, स्वतः विहिरीत टाकला, मला शिकवतोस? मला माहीत न्हाई काय होतं ते? खिशातली बाटली मीच त्याच्या शर्टावर ओतली, कारण मागनं पोरं पळत येत होती, आणि कुणीतरी पायडल बघितलं असतं तर...

... तर काय न्हाई. काय बघतोस असा? घाबरलेला माणूस काही पण बोलतो. तू आणि मी, तिसरं कोण हाय इथं? जा, सांग गावभर. उद्धवराव असं बोलला म्हण. तुझं कोण ऐकणार, आं? उतर गाडीतनं. नको मला तू. हलका असलास तरी नको. उतर, आणि माझ्या बाजूचं दार उघड. चावी कशाला काढलीस? ठेव ती तिथं.

ए. कुठं चाललास? दार इकडं हाय.

अरे, ते बाभळीखालचे... ती टोपी. तो ज्योतीराम हाय ना? आणि शेजारी — कुबडी हाय ती. हे इथं कधी आले? तुझ्या बाजूला काच न्हाई... इंजिन बंद होतं... एवढ्याशा अंतरावर...

ज्योतीरामभाऊ! रामराम! अहो, मस्करी चालली होती आमची! पोराला जरा घाबरवत होतो. खरं न्हाई त्यातलं काही. म्हणजे — ऐका ना, मागं तोंड फिरवू नका. उद्या येतो मी कंपनीत, साहेबाला सांगतो, बिघाड होता म्हणून सांगतो, जमंल ना? तेवढं दार उघडा, ऊन किती झालंय बघा, माझ्या बाजूला वारं न्हाई, हा पत्रा स्क्रूनं आवळलाय. मला त्या पाइपांतनं जाता येत न्हाई हो!

भीमराज! तू तरी. तू जुना माणूस हायस माझा. एवढं दार उघड, बाबा. कुबडी घे, सावकाश ये, घाई न्हाई — मी कुठं जातोय.

भीमराज. अरे, इकडं. तिकडं न्हाई, इकडं. नागसेन, त्याला धरून कुठं चाललास? अरे, दार —