फरशीला वाटतं, घरात कुणी नाही

बिघडलेली किटली घेऊन शिक्षिका तक्रारीच्या खिडकीशी उभी होती. तिच्या पुढे एक आजी होत्या.

“फरशी गरम करायचं तुमचं यंत्र सारखं बंद पडतं. पैसे परत द्या.”

“बिघाड असेल तर पैसे मिळतील आजी, हक्कच आहे तुमचा. पण हा बिघाड नाही. खोलीत हालचाल दिसली नाही, की घरात कुणी नाही असं समजून ते बंद होतं.”

“मग मी काय दगड आहे? तिथेच तर खुर्चीत बसलेली असते.”

“मधूनमधून उठत जा ना.”

“उठते की. दाराची बेल वाजली की लगेच उठते.”

“मग फरशी तापायला हवी.”

“तेच तर म्हणतेय. महिनाभर बघतेय, ना बेल वाजते, ना फरशी तापते.”

शिक्षिकेने किटली या हातातून त्या हातात घेतली.