उरलेला क्लोरीन

गळ्याशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. पाणी शुद्ध करायच्या केंद्रात ऑपरेटरच्या नोकरीसाठी तोंडी परीक्षा होती. बाहेरच्या बाकावर सून घामाघूम, आणि शेजारी सासूबाई पुस्तक उघडून बसलेल्या. मागच्या खेपेला सून एका प्रश्नावर नापास झालेली, आता ही शेवटची संधी.

"पाण्यात आधी काय घालतात?"

"तुरटी. मग बारीक घाण एकत्र चिकटते, जड होते आणि तळाला बसते."

"जेवल्यावर तुझे मामंजी बसतात तशी. पुढे?"

"वाळूतून गाळायचं. शेवटी क्लोरीन."

"शेवटच्या नळाला क्लोरीन किती उरावा?"

"अजिबात उरू नये!"

"अगं भवाने, याच उत्तरानं मागे बुडालीस ना?"

"तुम्हीच रोज ओरडता, आई, पातेल्यात काही उरता कामा नये!"

"ते माझ्या स्वयंपाकघरात! इथं थोडा उरायलाच हवा. वाटेत पाइपात घाण शिरली तर निस्तरायला काय मी जाऊ?"

तेवढ्यात हाक आली. सून आत गेली आणि सासूबाईंनी दाराला कान लावला.

"नळाला क्लोरीन किती उरावा?"

"थोडा उरायलाच हवा, साहेब. सासूबाईंची परवानगी आहे."

साहेब इतके हसले, इतके हसले, की त्यांची कवळी समोरच्या ग्लासात पडली.

"साहेब, हे आता सांडपाणी झालं. त्याचं काय करायचं तेही सांगू?"

"नको, बाई! तू पास!"

बरं, कवळी तेवढी मी पदरची पाडली. परवानगी मात्र खरी होती.