चाळीस मुलाखती, एकच उत्तर

चाकणहून भोसरीला जाणाऱ्या बसमध्ये सुमनताईंना डुलकी लागणार, तेवढ्यात पुढच्या सीटवरचे बापलेक बोलायला लागले. लेक पीएचडी करणारा, बाप कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये.

"पप्पा, मॅडमनी कामगारांच्या चाळीसही मुलाखती परत केल्या."

"का रे धम्मा?"

"सगळ्यांचं उत्तर एकच. कसलीच तक्रार नाही."

"विचारलंस कुठं?"

"कंपनीच्या गेटवर. सुपरवायझरच एकेकाला पाठवत होते."

"मग काय सांगतील बिचारे?"

"पण तुम्हाला तर मी घरी विचारलं होतं. तुम्हीपण तेच सांगितलंत!"

"घरीच विचारलंस, पण समोर मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून."

"ते लावावंच लागतं, पप्पा."

"असेल. आता तो मोबाइल बॅगेत टाक, आणि परत विचार."