शेवटचा नंबर उटीचा

(अंधेरी, १९५६. कोजागिरी होऊन गेलेली, दिवेलागणीची वेळ. श्यामसुंदरच्या घराच्या व्हरांड्यात तो आणि त्याचा कचेरीतला जुना मित्र नंदकिशोर; दोघे नुकतेच चार गावी गोल्फ खेळून आलेले. श्यामसुंदरची बायको वसुधा आत-बाहेर करते आहे.)

श्यामसुंदर : शेवटचा नंबर उटीचा.

नंदकिशोर : शुद्धीवर आहेस का तू? उटीसारखं गोल्फचं मैदान अख्ख्या हिंदुस्थानात नाही. गालिचा आहे गालिचा. आपला साहेब म्हणायचा, उटीला खेळलो की विलायतेची आठवण येत नाही.

श्यामसुंदर : साहेब गेला विलायतेला. मी अंधेरीत राहतो. उटी शेवटचं.

नंदकिशोर : बरं बाबा. मग पहिलं कुठलं? बंगळूर?

श्यामसुंदर : बंगळूर तिसरं.

नंदकिशोर : म्हणजे पुणं. चालेल. त्या शेळ्या मध्ये आल्या नसत्या तर मीही पुण्यालाच...

श्यामसुंदर : पुणं दुसरं.

नंदकिशोर : अरे, मग उरलं काय? देवळाली?

श्यामसुंदर : देवळाली पहिलं.

वसुधा : चहा घ्या, भाऊजी. कसला वाद चाललाय? आतपर्यंत ऐकू येतंय.

नंदकिशोर : वहिनी, तुमचा नवरा देवळालीच्या माळरानाला पहिला नंबर देतोय. गवत कसलं, नुसती कुसळं. भोकाभोवती हिरवळ असायला हवी, तिथे वाळू टाकलीय आणि ती उडू नये म्हणून वर तेल शिंपडलंय. माझ्या पांढऱ्या पँटचे डाग अजून निघाले नाहीत.

वसुधा : मला नका विचारू बाई. एक चेंडू भोकात घालायला चार गावं हिंडायची, हे मला एवढ्या वर्षांत कळलेलं नाही. अहो, तुमचा हात नको त्या चहाकडे. तुम्हाला पेज आणते.

श्यामसुंदर : पेज जात नाही गं घशाखाली.

वसुधा : दोन घोट घ्या. अल्सरला पेजेसारखं दुसरं काही नाही, डॉक्टर म्हणालेत.

श्यामसुंदर : अल्सरला. बरं, आण.

नंदकिशोर : घे ना रे थोडी. अल्सर काय, पथ्य पाळलं की दोन महिन्यांत...

श्यामसुंदर : ती आत गेली?

नंदकिशोर : गेली.

श्यामसुंदर : मग पथ्य राहू दे. देवळालीला शेवटच्या भोकावर माझा चेंडू कुठे होता, आठवतं?

नंदकिशोर : वीतभर लांब.

श्यामसुंदर : वीतभर. दुसरा कुणी असता तर 'दिला' म्हणाला असता. म्हणजे मारायलाच नको, गेला असं धरायचं. चेंबूरच्या मैदानावर लोक हातभर अंतरावरून देतात. तू काय म्हणालास?

नंदकिशोर : 'मार' म्हणालो.

श्यामसुंदर : 'मार' म्हणालास. आणि तेलकट वाळूवरून माझा चेंडू भोकाला प्रदक्षिणा घालून बाहेर गेला. तू पोट धरून हसलास. मी हरलो आणि वर तुला चहा पाजला. पण काय झकास वाटलं सांगू.

नंदकिशोर : हरून?

श्यामसुंदर : तू हसलास म्हणून. त्यानंतर तुला हसताना मी पाहिलेलं नाही.

नंदकिशोर : प्रवासाचा शीण असेल.

श्यामसुंदर : पुण्यात आल्यावर तू तार ऑफिसात फोन लावायला गेलास. निघण्याआधी माझ्या पोटाचा फोटो काढला होता, त्याचं काय झालं ते वसूला विचारायला. परत आलास ते गप्प. म्हणालास, अल्सर आहे, काळजी नको. आणि दुपारी शेवटच्या भोकावर म्हणालास, 'दिला.' दोन हात तरी अंतर होतं.

नंदकिशोर : जेवायला उशीर होत होता रे.

श्यामसुंदर : मीही तसंच धरलं. म्हटलं, भूक लागली असेल. बंगळूरला चार पावलांवरून दिलास. म्हटलं, नोकरीत बढती मिळाली असेल, सांगत नाहीये. आणि उटीला?

नंदकिशोर : जाऊ दे ना, श्याम.

श्यामसुंदर : उटीला माझा चेंडू अजून लांब गवतात पडला होता. भोक कुठे आणि मी कुठे. आणि तू धुक्यातून ओरडलास, 'दिला रे श्याम, दिला.' काठ्या उचलणारा माणूससुद्धा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. नंदू, साहेबाच्या टाकलेल्या काठ्या घेऊन आपण वर्सोव्याला ओहोटीच्या वाळूत शिकलो. कोळणी हसायच्या आपल्याला. तिथेसुद्धा तू कधी बोटभर दिलं नाहीस. सासऱ्यालाही दिलं नाहीस. माणूस एवढं दान कधी करतो? ग्रहण लागलं की.

नंदकिशोर : उगाच काहीतरी अर्थ काढतोस.

श्यामसुंदर : माझ्याकडे बघून म्हण.

नंदकिशोर : वहिनींनी शपथ घातली होती. फोनवर रडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, भाऊजी, त्यांना कळू देऊ नका, खेळू दे त्यांना.

श्यामसुंदर : मग खेळू द्यायचं होतंस.

नंदकिशोर : तू चेंडूवर वाकायचास ना, तेव्हा सदऱ्यातून पाठीची हाडं दिसायची. माझ्याने 'मार' म्हणवेना. वाटलं, दुसरं काही हातात नाही, निदान एवढं तरी देऊ.

श्यामसुंदर : कॅन्सर?

नंदकिशोर : हो.

श्यामसुंदर : कापून?

नंदकिशोर : पसरलाय म्हणतात. कापण्यात अर्थ नाही.

श्यामसुंदर : किती दिवस?

नंदकिशोर : ते नको विचारूस.

श्यामसुंदर : आता मी म्हणतोय, मार.

नंदकिशोर : वहिनी मला म्हणाल्या, संक्रांत.

श्यामसुंदर : आणि मी दौऱ्याआधीच शुभाच्या सासरच्यांना वैशाखाचा शब्द देऊन बसलोय. पोरीची बी.ए.ची परीक्षा होऊ दे म्हणून. परवा कोजागिरीला ते पुन्हा आले, तेव्हा तू दुधाचा पेला घेऊन माझ्या शेजारी बसला होतास. चकार शब्द बोलला नाहीस.

नंदकिशोर : काय बोलणार होतो तिथे? मनात म्हटलं, मी आहे. शुभा मला परकी का आहे? मी आणि सुलक्षणा बसू कन्यादानाला.

श्यामसुंदर : बसाल रे. हौसेने बसाल. आणि वसू कुठे बसेल?

नंदकिशोर : म्हणजे?

श्यामसुंदर : ताईच्या लग्नात बाबा नव्हते. काका-काकूंनी कन्यादान केलं. आई धान्याच्या खोलीत बसून राहिली. मंगलाष्टकं तिने दाराआडून ऐकली. कुणी तिला बोलावलं नाही, आणि तीही बाहेर आली नाही, अपशकुन नको म्हणून. मी तेव्हा पंगतीत जिलब्या वाढत होतो. मला ते आज कळतंय. मरणाचं मला वाईट वाटतंय, नाही असं नाही. पण शुभाच्या डोक्यावर अक्षता पडताना वसू दाराआड उभी, हे मला सहन होत नाही रे.

नंदकिशोर : हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खरंच आलं नाही.

श्यामसुंदर : तुझ्या नाही आलं. तिच्या आलं असेल. तरी माझ्यासाठी गप्प राहिली. डोळे पूस, ती येईल. संक्रांत पौषात, पौषात लग्नं नाहीत. मग मार्गशीर्ष. परीक्षा सासरहून देईल, मुलगा शहाणा आहे. उद्या तू बोरीवलीला जाऊन त्याच्या वडलांना सांग.

नंदकिशोर : कारण काय सांगू?

श्यामसुंदर : खरं सांग. तुला खोटं जमत नाही.

वसुधा : घ्या, कोमट केलीय. भाऊजी, चहा तसाच ठेवलात? आणि डोळ्यांना काय झालं?

नंदकिशोर : काही नाही, वहिनी. स्टोव्हचा धूर आला असेल.

वसुधा : स्टोव्ह केव्हाच विझवला मी.

श्यामसुंदर : वसू, बस इथे. शुभाचं लग्न मार्गशीर्षात उरकू म्हणतोय.

वसुधा : भलतंच काय? वैशाख ठरलाय ना?

श्यामसुंदर : ठरवला तेव्हा मला वाटत होतं, मला अल्सर आहे.

वसुधा : भाऊजी, तुम्ही मला शब्द दिला होतात.

श्यामसुंदर : त्याच्यावर रागावू नकोस. तोंडाने त्याने पाळला होता. खेळताना त्याला जमलं नाही.

वसुधा : किती दिवस झाले तुम्हाला कळून?

श्यामसुंदर : उटीपासून. मला वाटत होतं, तूच सांगशील.

वसुधा : मला वाटत होतं, तुम्हाला चार दिवस सुखाचे मिळतायत.

श्यामसुंदर : मिळाले. आता तुझं बघू. कन्यादानाला आपण दोघांनी बसायचं. दुसरं कुणी नाही.

वसुधा : पेज निवतेय. घ्या आधी.

श्यामसुंदर : घेतो. तू सांग, मार्गशीर्ष चालेल ना?

वसुधा : मार्गशीर्ष नको. तुळशीचं लग्न लागलं की पहिला मुहूर्त धरा.