काकीनं पदर खोचला

पदराचा खरा अर्थ मला आमच्या भाडेकरूनं सांगितला, राव. बंगाली इंजिनिअर, महाळुंग्यात आमच्याच घरी राहतो, मराठी शिकतोय. परवा त्यानं विचारलं, "भाऊ, पदर म्हणजे काय?" मी म्हटलं, "साडीचं टोक."

दुसऱ्या दिवशी शिफ्टला निघताना त्याच्या गाडीचं चाक गटारात गेलं. आम्ही सगळे गडी भोवती उभं राहून सल्ले देत होतो. तेवढ्यात आमची काकी घरातून आली.

"आरं, मुहूर्त बघताय व्हय?" म्हणाली. पदर कमरेला खोचला आणि सरळ गाडीला खांदा लावला. आम्ही गुपचूप तिच्या शेजारी वाकलो. एका दमात गाडी वर आली.

इंजिनिअर मला हळूच म्हणाला, "भाऊ, टोक नाही. तुमचा सगळ्यांचा स्टार्टर आहे तो."