तार काढायचीये

दुकानदार : हा नखाएवढा वायफाय अडॅप्टर आहे ना, तो दिसायला गोंडस, पण भिंत आली की मान टाकतो. राउटर कुठंय तुमचा?

भाऊ : बाहेरच्या खोलीत. कॉम्प्युटर आत, माझ्या खोलीत. मध्ये पॅसेज.

दुकानदार : म्हणजे भिंती किती?

भाऊ : दोन. एक जाड आहे.

दुकानदार : मग हा बघा, दोन अँटेनावाला. यूएसबीत खोचला की झालं. नाहीतर हे कार्ड. कॅबिनेट उघडून आत बसवावं लागतं. सिग्नल ओढतं चांगलं, पण अँटेना मागच्या बाजूला येतात. तुमचं कॅबिनेट टेबलाखाली का वर?

भाऊ : खाली. भिंतीला टेकून.

दुकानदार : मग कार्ड नको. अँटेना भिंतीत तोंड खुपसून बसणार. काम काय करता त्याच्यावर?

भाऊ : कस्टमर केअर. घरूनच. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. दिवसभर कॉल.

दुकानदार : आणि आत्ता कसं चालतंय?

भाऊ : तार टाकलीये. राउटरपासून खोलीपर्यंत.

दुकानदार : अहो, मग सोन्यासारखं आहे की! मी विकायला बसलोय, तरी सांगतो, कॉलच्या कामाला तारेसारखं दुसरं काही नाही. उगाच कशाला बदलताय?

भाऊ : तार काढायचीये.

दुकानदार : उंदरांनी कुरतडली का?

भाऊ : नाही.

दुकानदार : बरं, बरं. मग हा तिसरा घ्या. याला छोटा स्टँड आहे, हातभर तार आहे, म्हणजे टेबलावर उंच...

भाऊ : तार नकोय म्हटलं ना!

दुकानदार : टेबलावरची हो. एवढीशी. राहिलं.

ताई : इथे आहेस होय! किती फोन केले मी तुला. हॉस्पिटलच्या दारातून बघितलं, तर समोर तुझी गाडी. डॉक्टर येऊन गेले. मी एकटीच होते आईपाशी.

भाऊ : काय म्हणाले?

ताई : बाहेर चल.

भाऊ : इथेच सांग, ताई.

ताई : दुसरं ऑपरेशन नाही करता येणार. हाडात स्क्रू धरतच नाहीये, आणि परत भूल दिली तर हृदयाला झेपायचं नाही, म्हणाले. परवा घरी न्या, म्हणाले.

भाऊ : घरी न्या म्हणजे? फिजिओथेरपी? वॉकर?

ताई : पलंग. कुशीवर वळवायचं दर दोन तासांनी. बस.

भाऊ : असं कसं? एवढी तुरुतुरु चालणारी बाई.

ताई : मी विचारलं. दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्यांनी मान खाली घातली. तू इथे काय घेतोयस पण? आज?

दुकानदार : त्यांना वायफायचा अडॅप्टर हवाय, मॅडम. तार काढायची म्हणतात.

ताई : अजून तिथेच आहे ती तार?

भाऊ : रोज ओलांडून जातो. तीन आठवडे. काढली तर काम बंद, आणि काम बंद झालं तर हॉस्पिटलचं...

ताई : आई मला फोनवर सांगायची. पायात येते गं त्याची वायर.

भाऊ : मलाही सांगायची. चिकटपट्टी लावतो म्हटलं. लावली पण. माझ्या दारापाशी लावली. तेवढ्यात कॉल आला, बाकीची राहिली.

ताई : आता राहू दे तिथेच.

भाऊ : काय?

ताई : तार. राहू दे. आता त्या पॅसेजमधून चालणार कोण आहे?

(दुकानदार उघडी खोकी एकेक करून बंद करू लागतो.)

दुकानदार : पाणी देऊ का, मॅडम? बसा ना. हे स्टूल घ्या.

ताई : नको. मी असं बोलायला नको होतं.

भाऊ : बोल. तू बोलत नाहीस, आई बोलत नाही. कोणीतरी बोला मला.

ताई : तुला काय बोलायचं? झालं ते झालं. पडल्याबरोबर तू धावत आलास, उचललंस, अँब्युलन्स बोलावलीस. माणूस आणखी काय करणार?

भाऊ : कोण म्हणालं धावत आलो?

ताई : आईच. पहिल्याच दिवशी. पडले आणि डोळे उघडते तर हा समोर, म्हणाली.

भाऊ : असं म्हणाली?

ताई : नर्सलाही सांगत होती. माझा मुलगा घरीच असतो म्हणून बरं.

भाऊ : ताई, मी आलो नव्हतो.

ताई : म्हणजे?

भाऊ : कॉलवर होतो. एक जण वॉशिंग मशीनबद्दल बोलत होता. चिडलेला. मध्येच ठेवला तर मार्क कापतात. आईनं हाक मारलेली ऐकली मी. हेडफोन असूनही ऐकली. वाटलं, काहीतरी वरच्या फळीवरचं काढून हवं असेल. थांब गं, म्हटलं.

ताई : मग?

भाऊ : तिनं परत मारली. मी आवाज वाढवला. त्या माणसाचा.

ताई : किती वेळ?

भाऊ : चाळीस मिनिटं. स्क्रीनवर दिसतो ना आकडा. त्याची तक्रार सोडवली मी पूर्ण. त्यानं माझे आभारसुद्धा मानले.

ताई : आणि ती?

भाऊ : भिंतीला गाल लावून पडलेली. नंतर हाकच मारत नव्हती. मला बघून म्हणाली, झालं का काम?

ताई : देवा.

भाऊ : मी तुला सांगणारच होतो. रोज ठरवायचो.

ताई : चाळीस मिनिटं पडून होती, आणि मला म्हणते डोळे उघडते तर हा समोर.

भाऊ : तू जा तिच्याजवळ. एकटी आहे ती.

ताई : कुठल्या तोंडानं जाऊ आता? माझ्या चेहऱ्यावर दिसेल तिला सगळं.

भाऊ : ताई, एक ऐक माझं. मी तुला सांगितलं, हे तिला कळू देऊ नकोस.